संत्र्यावरचा कर आणि दुसऱ्या समीक्षकाचे प्रश्न

"आपण त्यायचा कांदा रोखला, तं त्यायनं आपला संत्रा रोखला. हिशेब बराबर." नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका व्यापाऱ्याचं बांगलादेशाबद्दलचं हे बोलणं मी वहीत उतरवलं आणि वाटलं, शोधनिबंध झालाच.

मी नागपुरात राज्यशास्त्र शिकवते. पीएचडी भारत-बांगलादेश व्यापारी संबंधांवर. तारखाही जुळत होत्या. 29 सप्टेंबर 2019 ला भारताने कांद्याची निर्यात थांबवली. पाचच दिवसांनी बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी तर आचाऱ्याला कांद्याशिवायच स्वयंपाक करायला सांगितलंय. त्यानंतर बांगलादेशाचं संत्र्यावरचं आयात शुल्क वर्षागणिक चढत गेलं. 2023 च्या हंगामात व्यापारी किलोमागे 88 रुपये सांगत होते. वरुड-मोर्शी आणि काटोल-नरखेडची, बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोल नाक्याकडे जाणारी संत्री इथेच मातीमोल विकली जात होती. मी फॅरेल आणि न्यूमन यांचा 2019 चा 'परस्परावलंबनाचं शस्त्र' हा सिद्धांत घेतला (देश एकमेकांवरच्या आर्थिक अवलंबनाचाच दबावासाठी वापर करतात, असं तो सांगतो) आणि लिहून टाकलं, बांगलादेशाने सूड उगवला.

पहिल्या नियतकालिकाच्या संपादकांनी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे, म्हणजे समीक्षकांकडे, न पाठवताच निबंध परत केला. त्याच दिवसांत 'पैसे भरा, आठवड्यात छापतो' असे मेल येत होते. माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं, तिकडे बघूसुद्धा नको.

मग दुसऱ्या नियतकालिकाकडे पाठवला आणि सात महिने वाट पाहिली. पहिल्या समीक्षकाने अर्ध्या पानात कौतुक केलं. दुसऱ्याने चार पानं लिहिली. त्यांचं म्हणणं, हा सिद्धांत स्विफ्टसारख्या (बँकांमधल्या व्यवहारांचे संदेश पोचवणाऱ्या) जागतिक जाळ्यांच्या मुख्य गाठींवर बसलेल्या देशांबद्दल आहे. संत्र्याच्या व्यापारात अशी गाठ कुठली? आणि ढाक्यात हा निर्णय कोणी, कशासाठी घेतला, याचा एक तरी पुरावा द्या. माझ्या सगळ्या मुलाखती सीमेच्या अलीकडच्या होत्या. पंधरा दिवस मी फाइल उघडली नाही.

मग बंगाली येणाऱ्या मैत्रिणीला शेजारी बसवून तिकडच्या महसूल मंडळाच्या अधिसूचना वाचल्या. मे 2022 मध्ये शंभराहून जास्त वस्तूंवर नियामक शुल्क, म्हणजे नेहमीच्या आयात शुल्काशिवायचा जादा कर, वाढवलं होतं. त्यात फळं होती, तशी फुलं, सौंदर्यप्रसाधनं आणि फर्निचरही. रोख एकट्या भारतावर नव्हता. डॉलरची चणचण होती. जानेवारी 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्यांना 4.7 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. निदान 2022 नंतरच्या वाढीला सुडापेक्षा हे कारण कितीतरी भक्कम होतं.

ती सुडाची गोष्ट सोडताना मला खरंच जड गेलं, कारण बागायतदार ती पोटतिडकीने सांगतात. म्हणून ती वगळली नाही, तिची जागा बदलली. दिल्लीला शहरी ग्राहकाचा कांदा सांभाळायचा होता, ढाक्याला परकीय चलन. पुटनम यांची 1988 ची दुपदरी खेळाची मांडणी इथे चपखल बसली: सरकार परदेशाशी बोलतं तेव्हा घरच्यांशीही बोलत असतं. दोन्ही घरांत संत्रा बागायतदाराला जागा नव्हती. त्यामुळे त्याने आपल्या नुकसानीचा अर्थ कसा लावला, हाच निबंधाचा एक निष्कर्ष ठरला.

समीक्षकांच्या 23 मुद्द्यांना तक्ता करून उत्तरं दिली: मुद्दा, आमचं म्हणणं, बदल केलेलं पान. सर म्हणाले, "चुकलं तिथे चुकलं असं सरळ लिही." पाच ठिकाणी तसं लिहिलं. आणखी एका फेरीनंतर स्वीकृतीचं पत्र आलं.

आता मी बंगाली शिकते आहे. पुढच्या निबंधासाठी सीमेपलीकडच्या बेनापोलच्या आयातदारांशी त्यांच्या भाषेत बोलायचं आहे.