ड्रॅगनमधून क्वीन्सलँडवर

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या एका गवताळ धावपट्टीवर पोचलो, तेव्हा डी हॅविलँड ड्रॅगन, म्हणजे वर-खाली दुहेरी पंखांचं, दोन इंजिनांचं जुनं विमान, हँगरबाहेर काढलेलं होतं. उड्डाणाला तासभर होता. हा तास बघायला मिळाला तर सोडू नका.

आधी दोन्ही प्रोपेलर हाताने फिरवतात, अर्थात मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) बंद ठेवून. १३० अश्वशक्तीचं जिप्सी मेजर इंजिन उलटं बसवलेलं असतं: क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) वर, चारही सिलिंडर खाली. विमान उभं राहिलं की तेल पिस्टनच्या रिंगांतून झिरपून सिलिंडरमध्ये साचतं आणि तेल काही दाबलं जात नाही. प्रोपेलर अडला तर जोर लावायचा नाही. प्लग काढून तेल निथळू द्यायचं. जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकलाच.

मग पंख. लाकडी सांगाडा, त्यावर डोप (कापड ताणून घट्ट करणारं रोगण) लावलेलं कापड. कोरड्या उन्हात लाकूड आकसतं आणि बोल्ट ढिले पडतात. फार आवळले तर लाकूड चिरडतं. खालच्या पंखाची निचऱ्याची भोकं बुजली की पाणी आत राहतं, सरस सुटतो, लाकूड कुजतं. मला तर इंजिनापेक्षा याचीच धास्ती जास्त वाटते.

पर्थ ते डेली वॉटर्स टपाल १९३४ पासून ड्रॅगननेच जायचं. दुसऱ्या महायुद्धात नॅव्हिगेटर (विमानाची वाट आखणारे) शिकवायला ऑस्ट्रेलियात ८७ ड्रॅगन बांधली गेली. तोवर इंग्लंडमध्ये नवं ड्रॅगन रॅपिड आलेलं होतं, पण त्याची इंजिनं इथे बनत नव्हती; टायगर मॉथ या शिकाऊ विमानासाठी जिप्सी मेजर मात्र बनत होती. म्हणून जुनंच मॉडेल. युद्धानंतर हीच विमानं न्यू गिनीच्या डोंगरांत आणि फ्लाइंग डॉक्टरांकडे (दूरच्या वस्त्यांवर विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांकडे) राबली.

विमानात शिरताना आतली जमीन चढणीची लागते, कारण शेपूट खाली टेकलेली असते. पुढच्या खुर्चीवरून पंख आणि इंजिनच दिसतं. खालचा मुलूख बघायचा तर मागे बसा. पायलट नाकात एकटाच. दोन्ही प्रोपेलर एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे धावताना विमान उजवीकडे ओढतं आणि डावा पाय सतत कामात असतो. दोन टाक्यांत मिळून ६० ब्रिटिश गॅलन पेट्रोल, म्हणजे चारेक तास.

प्रोपेलरच्या पात्यांचा कोन पक्का आहे, इंजिन बंद पडलं तर ती वळवून धार वाऱ्याकडे करता येत नाही. भरलेलं विमान, तापलेली हवा आणि एक इंजिन बंद, असं झालं तर उंची टिकत नाही. आमच्या पायलटने झाडी टाळून, वाट वाकडी करून मोकळ्या कुरणांवरूनच नेलं.