नॉर्थ रोनाल्डसेचे दोन मनोरे

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी द्वीपसमूहातलं अगदी उत्तरेचं बेट म्हणजे नॉर्थ रोनाल्डसे. सपाट आणि इतकं सखल, की अंधारात जहाज जवळ येईपर्यंत ते दिसतच नाही. भोवतीचे खडक तर पाण्याखालीच दडलेले. १७४० साली स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचं ‘स्वेशिया’ हे जहाज इथल्या रीफ डाइक खडकावर फुटलं.

१७८९मध्ये थॉमस स्मिथ या अभियंत्याने इथे दगडी मनोरा बांधला, उंची सुमारे २१ मीटर. तेलाचे दिवे, मागे तांब्याचे परावर्तक. परावर्तकावर काजळी धरली की उजेड लगेच मंदावतो, म्हणून वाती कातरणं आणि परावर्तक पुसणं हे काम रोजचंच. पण खरी अडचण वेगळी होती. दिवा स्थिर होता, आणि स्थिर दिवा लांबून एखाद्या गलबताच्या डोलकाठीवरच्या कंदिलासारखा दिसतो. माझ्या मते दीपगृहाचा प्रकाश प्रखर असण्याइतकंच तो ओळखू येणंही महत्त्वाचं.

१८०६मध्ये शेजारच्या सँडे बेटावर, स्टार्ट पॉइंटला, स्कॉटलंडमधला पहिला फिरता दिवा लागला; त्याचा झोत ठरावीक वेळाने दिसे, म्हणून तो ओळखू येई. मग १८०९मध्ये नॉर्थ रोनाल्डसेचा दिवा विझवून कंदीलघराच्या जागी दगडी गोळा बसवला. मनोरा उरला तो दिवसाची खूण म्हणून. तो गोळा आजही वर आहे. मात्र सँडे दक्षिणेला. उत्तरेकडून येणाऱ्या जहाजाला त्याआधी नॉर्थ रोनाल्डसेचेच खडक लागतात. जहाजं फुटत राहिली.

शेवटी १८५४मध्ये अ‍ॅलन स्टीव्हन्सनच्या आराखड्याप्रमाणे विटांचा नवा मनोरा उभा राहिला. ४२ मीटर उंच, वर जायला १७६ पायऱ्या. जमिनीवर उभ्या असलेल्या ब्रिटनमधल्या दीपगृहांत हाच सगळ्यात उंच. १८८९मध्ये लाल विटांवर दोन पांढरे पट्टे रंगवले, म्हणजे दिवसाही ओळख पटावी. १९९८पासून तो स्वयंचलित आहे.

फिरत्या दिव्यांची जुनी रचना पाहण्यासारखी असते. काही टनांचं भिंग पाऱ्यावर तरंगतं, त्यामुळे एका बोटाने ढकललं तरी फिरतं. पाऱ्यात धूळ गेली की घर्षण वाढतं, गती मंदावते आणि दोन झोतांमधला वेळ बिघडतो; खलाशाला मग ते भलतंच दीपगृह वाटू शकतं. म्हणून पारा गाळून घ्यावा लागे. दिवसा पडदे ओढून ठेवत, कारण तेच भिंग सूर्याचे किरण आत एकवटून आग लावू शकतं.

नॉर्थ रोनाल्डसेचा झोत दर १० सेकंदांनी एकदा येतो. दीपगृह ओळखायला दोन झोतांमधला वेळ एकदाच मोजून भागत नाही, लाटेआड एखादा झोत हुकतो. पहिला झोत दिसताच शून्य धरा आणि पुढचे दहा मोजा: १०० सेकंद भरले पाहिजेत.