तब्येत काय म्हणतीय?

साताऱ्यात सकाळी अजिंक्यताऱ्याची चढण चढणाऱ्यांचे दोन गट पडतात. एक मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पळणारा. 2012 साली सातारा हिल मॅरेथॉन सुरू झाली आणि हा गट चांगलाच फुगला. दुसरा आमचा. आम्ही थोडं चढतो, थांबतो, खालच्या गावाकडे बघतो आणि दम लागलाय हे कळू नये म्हणून राजकारण काढतो. "तब्येत काय म्हणतीय?" हा आमच्यातला रामराम. उत्तरासाठी कुणी फारसं थांबत नाही, पण उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

आमच्यातल्या तात्यांना शुगर आहे, बीपी आहे, छातीत स्टेंट आहे. विचारलं की म्हणतात, "एक नंबर!" त्यांच्यापेक्षा बरेच लहान असे एक निवृत्त साहेब आहेत. त्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, कोलेस्टेरॉलचा आकडा तोंडपाठ. ते म्हणतात, "काही खरं नाही हो." माझ्या मते दोघंही खरंच बोलत असतात.

असं मानायला थोडा आधारही आहे. एलेन आयडलर आणि याएल बेन्यामिनी या दोघींनी 1997 साली असे 27 अभ्यास एकत्र मांडले होते. त्यात लोकांना एकच साधा प्रश्न विचारलेला: तुमच्या मते तुमची तब्येत कशी आहे? वय, आजार, सवयी सगळं हिशेबात धरल्यावरही बहुतेक अभ्यासांत हे उत्तर पुढच्या आयुष्याबद्दल काहीतरी जादा सांगून गेलं. म्हणजे रक्ताच्या नळीत न सापडणारं काहीतरी माणसाला स्वतःबद्दल ठाऊक असतं.

ते काय असावं? मला वाटतं, वय वाढतं तशी मोजायची पट्टीच बदलते. तिशीत तब्येत म्हणजे ताप नसणं. सत्तरीत मात्र रात्री झोप लागली का, सकाळी पोट साफ झालं का, मोती चौकातून भाजीची पिशवी आपली आपण घरी आणता आली का, यावर दिवस ठरतो. स्नायू तर तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर जास्तच भराभर. पूर्वी हे पंगतीत कळायचं. मांडी घालून बसणं सोपं, जमिनीला हात न टेकता उठणं अवघड. आता लग्नात टेबल-खुर्च्या आल्या आणि परीक्षाच रद्द झाली.

असा विषय निघाला की साहेब हमखास औंधावर येतात. औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले, तिथेच राहिलेल्या, वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकरांनी शंभरी ओलांडली, वगैरे. खरंच आहे ते. 1867 चा जन्म आणि 1968 चा मृत्यू. पण मला नमस्कारांपेक्षा त्यांचं दुसरंच नवल वाटतं. 1948 साली, ऐंशी उलटल्यावर, हा माणूस औंध सोडून गुजरातेत पारडीला गेला आणि तिथे स्वाध्याय मंडळाचं, म्हणजे आपल्या वेदाभ्यासाच्या संस्थेचं, काम नव्यानं मांडून बसला. आमच्या साहेबांना निवृत्तीनंतर सकाळी दहा वाजता करायला काही उरलेलं नाही. त्यांचं दुखणं तिथे असावं, असा मला दाट संशय आहे. तात्यांना मात्र दहाला नातवाला शाळेत सोडायचं असतं.

अर्थात तात्यांचं "एक नंबर" मी पूर्ण धरत नाही. पायाला सूज असली तरी ते तसंच म्हणतात. खरी बातमी काकूंकडे असते. आणि काकूंना कोण विचारतं? गडावर बायका येतात, पण आमच्या वयाच्या कमीच. एकदा मीच घरी गेल्यावर विचारलं, "काकू, तुमची तब्येत?" तर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? ह्यांचं बरं असलं की झालं." असं उत्तर कुठल्या रकान्यात लिहितात कोण जाणे. तात्या मध्येच म्हणाले, "हिचं रक्त कधी तपासलंच नाही बघ आपण."

परवा पोवई नाक्यावर एका लॅबमध्ये दोघं दिसले. काकूंची पहिलीच तपासणी. सोबत म्हणून तात्यांनीही चहा घेतला नव्हता आणि त्यामुळे ते भलतेच चिडचिडे झाले होते. काकू शेजारच्या बाईकडून कैरीच्या लोणच्याचं प्रमाण विचारून घेत होत्या. नंबर पुकारला तरी त्यांचं मोहरीवर अडलेलंच होतं.