लेस्लीकडे अतिरिक्त कार्यभार

शनिवार, रात्री उशिरा

‘ऑब्सेशन’ पुन्हा पाहिला. एंटरप्राइझ नावाच्या अंतराळजहाजाची गोष्ट सांगणाऱ्या ‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेतला, दुसऱ्या सीझनचा, डिसेंबर १९६७ मध्ये अमेरिकेत दाखवलेला एपिसोड. अनोळखी ग्रहावर मधासारखा गोड वास येतो, पाठोपाठ एक पांढुरका ढग सरकत येतो आणि माणसाच्या अंगातल्या तांबड्या पेशी शोषून घेतो. एपिसोड नीट सुरू व्हायच्या आत लाल शर्टवाले आडवे. त्यांच्यात लेस्लीही, जहाजावरचा एक किरकोळ कर्मचारी. कॅप्टन कर्कच्या चेहऱ्यावर भीती, जहाजाचा डॉक्टर मॅक्कॉयचा अहवाल, सगळं रीतसर.

आणि मग त्याच एपिसोडमध्ये, जहाजाच्या कॉरिडॉरमधून लेस्ली चालत जातो! धडधाकट. पुढच्या एपिसोडांतही कामावर हजर. कुणी ‘अरे, तू गेला होतास ना?’ असं विचारत नाही. त्याच्याकडे बघायला कुणाला वेळच नाही.

मला हा माणूस फार आवडतो. गंभीरपणे सांगतेय.

मालिकेचे एकूण ७९ एपिसोड. त्यातल्या पन्नासहून अधिक एपिसोडांत लेस्ली दिसतो. नेव्हिगेटर चेकॉव्ह, ज्याचा रशियन हेल काढून दाखवल्याशिवाय एकाही चाहत्याला राहवत नाही, तो ३६ मध्ये आहे. लेस्लीचा हेल कसा होता हे मात्र कुणाला आठवायचं कारण नाही, कारण तो बोलतो फारच थोडं. कधी इंजिनिअरिंगच्या बटणांपुढे उभा, कधी नेव्हिगेटरच्या खुर्चीत, कधी दाराशी फेझर, म्हणजे किरणांचं पिस्तूल, घेऊन पहाऱ्याला. शर्ट बहुतेक वेळा लाल, पण कधी दुसऱ्याच रंगाचा. आपल्याकडे तालुक्याच्या ऑफिसात एखादा कारकून असतो, ज्या टेबलावर जावं तिथे ‘साहेब रजेवर आहेत, अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे’ म्हणून तोच बसलेला. लेस्ली तसा आहे. एंटरप्राइझवर जी खुर्ची रिकामी, तिचा कार्यभार त्याच्याकडे.

रविवार

दादाला फोन केला, कारण लेस्लीबद्दल बोलायला दुसरं कोण आहे मला? ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची, तेव्हा आम्ही दोघं शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायचो. त्यांचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. त्यामुळे लाल शर्टवाला मरणार हा जगप्रसिद्ध नियम आम्हाला कळणं शक्यच नव्हतं. आम्हाला सगळे सारखेच राखाडी, आणि प्रत्येक मरण अनपेक्षित. खरं तर मालिका पाहायची तीच योग्य पद्धत असावी.

दादाचं म्हणणं, लेस्ली मेलाच नाही. मॅक्कॉयने त्याला रक्त चढवून वाचवलं असणार. तसा प्रसंग लिहिलेलाही होता म्हणे आणि नंतर गळला, असं त्याने कुठेतरी वाचलंय. मग त्याची दुसरी उपपत्ती: हा जुळा भाऊ. तिसरी: माणसांना क्षणात जहाजावरून ग्रहावर पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टरमध्ये शिल्लक राहिलेली प्रत. तो इंजिनिअर आहे, त्याला भोक दिसलं की बुजवावंसं वाटतं.

“अरे, पण मला ते भोकच आवडतं,” मी म्हटलं.

“तुझं नेहमीचंच,” म्हणाला आणि वहिनीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनकडे वळला.

फोन ठेवल्यावर विचार करत बसले. या उपपत्त्यांचा मला राग का येतो? बहुधा यामुळे, की त्यांत खरा माणूस पुसला जातो. लेस्ली परत येतो त्याचं खरं कारण जहाजावर नाहीच. ते हॉलीवूडमधल्या डेसिलू स्टुडिओत आहे.

तिथलं गणित साधं होतं. गोष्टीप्रमाणे एंटरप्राइझवर ४३० माणसं. एका एपिसोडच्या शूटिंगला मिळायचे साधारण सहा दिवस, आणि पैसे कायम अपुरे. ४३० माणसांचं जहाज सात-आठ चेहऱ्यांत उभं करायचं, तर तेच चेहरे फिरवत राहणं आलं. आणि सेटवर रोज कोण हजर असतं? स्टँड-इन. मुख्य नट मेकअपला बसलेला असताना त्याच्या जागी, त्याच्या उंचीचा माणूस जमिनीवरच्या खुणेवर उभा करतात. छायाचित्रकार त्याच्यावर दिवे लावून घेतो. दिवे जमले की स्टँड-इन बाजूला, नट जागेवर. लेस्लीचं काम करणारे एडी पास्की हे कर्कची भूमिका करणाऱ्या विल्यम शॅटनरचे स्टँड-इन होते. नाहीतरी दिवसभर तिथेच असायचे, मग युनिफॉर्म चढवून मागे उभं करायला काय हरकत?

मॅक्कॉयच्या नटाचे स्टँड-इन बिल ब्लॅकबर्न, तेही असेच जहाजाच्या नियंत्रण कक्षात बसलेले दिसतात, हॅडली नावाने. ‘शोअर लीव्ह’मध्ये घड्याळ बघत पळणारा भलामोठा पांढरा ससा येतो ना, त्या सशाच्या आतही तेच. कर्कचा सहाधिकारी आणि मित्र स्पॉक, त्याच्या नटाचे स्टँड-इन फ्रँक दा विन्ची, तेही युनिफॉर्ममध्ये. म्हणजे कर्क, स्पॉक, मॅक्कॉय बोलत असताना मागे अनेकदा त्यांचेच उभ्याने झिजलेले पर्याय काम करत असतात. हे कळल्यापासून मी पुढच्या तिघांकडे कमी आणि मागे जास्त बघते.

बोलायचं नाही यालाही कारण आहे. एक वाक्य दिलं की मानधनाचा दर बदलतो. तेव्हा मान हलवायची, बटण दाबायचं, ‘येस सर’ ओठांतच ठेवायचं. आपल्याकडच्या मालिकांत मागून पासिंग देणाऱ्यांनाही हे वेगळं सांगावं लागणार नाही.

सोमवार

कॉलेजात असताना पुरुषोत्तमच्या एकांकिकेत मी मॉबमध्ये होते. आमचा दिग्दर्शक फार कडक. मॉबमधल्या प्रत्येकाने आपण कोण, कुठून आलो, पिशवीत काय आहे, हे वहीत लिहून आणायचं. मी भाजीवाली, नवरा गिरणीत, पिशवीत उरलेली मेथी. मला ते तेव्हा फार थोर वाटलं होतं. आता वाटतं, प्रेक्षकाला माझी मेथी दिसली नाही ते ठीकच झालं. दिसली असती तर पुढे चाललेला मुख्य प्रसंग बिघडला असता.

पास्कींना कुणी असली वही लिहायला सांगितली नसावी. लेस्लीच्या वागण्यात ‘बघा माझ्याकडे’ नाही. तो पॅनेलवरचे दिवे बघतो, कारण पॅनेलवरचे दिवे बघायचे असतात. जहाज हादरलं की बाकीच्यांबरोबर डावीकडे कलंडतो, मग उजवीकडे. हा अभिनय आहे की नोकरी, हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच ते जहाज मला खरं वाटतं. कर्क बघून तिथे नाटक चाललंय हे कळतं. लेस्ली बघून तिथे शिफ्ट चालू आहे हे कळतं.

तरी दोनदा त्याला मोठं काही मिळालं.

पहिलं ‘धिस साइड ऑफ पॅराडाइज’मध्ये, मार्च १९६७. ग्रहावरच्या फुलांच्या बीजाणूंनी सगळे सुखात बुडालेत आणि जहाज सोडून खाली चाललेत. कॉरिडॉरमध्ये रांग लागलीय. कर्क येतो, रांगेतल्या लेस्लीला जागेवर परतायचा हुकूम देतो. लेस्ली नाही म्हणतो. कर्क म्हणतो, हे बंड आहे, मिस्टर. लेस्ली म्हणतो, होय सर, आहे.

बस. आवाज चढत नाही, डोळे चमकत नाहीत. स्पॉक त्या एपिसोडमध्ये झाडाला उलटा लटकून हसतो, प्रेमात पडतो, आणि सगळे त्याचंच कौतुक करतात. माझ्या मते त्या एपिसोडचा कणा हे दोन ओळींचं बंड आहे. कर्क एकटा पडला हे तिथे समजतं. स्पॉकने हुकूम मोडला तर ती मैत्रीतली गोष्ट. लेस्लीने मोडला म्हणजे जहाज गेलं.

दुसरं त्यानंतर महिनाभराने, ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’मध्ये. काळ मागे जाऊन १९३० सालचं न्यूयॉर्क. कर्कचं एडिथ कीलरवर प्रेम बसलंय, आणि ती वाचली तर इतिहास बिघडणार आहे. ती रस्ता ओलांडते, ट्रक येतो, कर्क मॅक्कॉयला धरून ठेवतो. त्या ट्रकच्या स्टिअरिंगवर पास्की होते. श्रेयनामावलीत नाव नाही. सबंध मालिकेतलं सगळ्यात चर्चा झालेलं मरण, आणि ते घडवून आणणारा माणूस कोण, तर एरवी शॅटनरसाठी दिव्यांखाली उभा राहणारा. हे कुणी ठरवून केलं नसणार. जो हाताशी होता, त्याला गाडीत बसवलं.

बुधवार

मालिका १९६९ मध्ये बंद पडली, पास्की त्याच्या आधीच, तिसऱ्या सीझनमध्ये बाहेर पडले. पुढे अभिनयात रमले नाहीत, मोटारींच्या घरच्या व्यवसायात गेले. २००४ साली चाहत्यांनी हौसेने काढलेल्या ‘न्यू व्हॉयेजेस’ मालिकेत त्यांना पुन्हा बोलावलं, तेव्हा लेस्ली अ‍ॅडमिरल झालेला होता. मरणानंतर पदोन्नती! ऑगस्ट २०२१ मध्ये पास्की गेले, ८१ वर्षांचे होते.

दादाला हे पाठवलं. त्याचं उत्तर: “म्हणजे मॅक्कॉयने वाचवलंच होतं.” हरणार नाही हा माणूस.

मग त्यानेच विचारलं, त्या गर्दीत आपलं कुणी होतं का? होतं. ‘दॅट विच सर्व्हाइव्ह्ज’, जानेवारी १९६९. जहाज चालवणारा सुलू खाली ग्रहावर अडकलाय, म्हणून त्याच्या खुर्चीत लेफ्टनंट राडा नावाची भारतीय अधिकारी बसलीय. नाव कागदावर ‘राधा’चंच, ‘एच’ जागा चुकून बसल्यासारखं. पण बाई कामाची. जहाज एका फटक्यात हजार प्रकाशवर्षांच्या आसपास लांब फेकलं गेलंय, स्पॉक दशांश चिन्हापर्यंत चौकशा करतोय आणि ही न गडबडता अंतरं सांगतेय. लेस्लीला तीन सीझनमध्ये मिळाली नसतील इतकी वाक्यं तिला एका एपिसोडमध्ये. आणि नंतर पुन्हा कधीच नाही.

भूमिका केली होती नेओमी पोलॅक या अमेरिकन नटीने. त्याच सीझनमध्ये काही महिने आधी ‘द पॅराडाइज सिंड्रोम’मध्येही ती आहे, तिथे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या टोळीतली एक बाई म्हणून. म्हणजे ‘इंडियन’ म्हटल्यावर जे दोन अर्थ निघतात, ते दोन्ही स्टुडिओने एकाच बाईत भागवले. दादा हसून हसून बेजार झाला. मी त्याला म्हटलं, हस, पण दोन्ही एपिसोड काढून ठेव, वहिनीचं ऑपरेशन झालं की रविवारी येतेय. रंगीतच बघू या वेळी.