फिके गुडघे

हाडांच्या संशोधनात शस्त्रक्रियेचं, जखम भरण्याच्या काळाचं, सगळ्याचं वेळापत्रक असतं. हाड कापण्याजोगं मऊ करायला लागणारा वेळ मात्र कुणी धरत नाही. सशाचा गुडघा ईडीटीए या कॅल्शियम ओढून घेणाऱ्या रसायनात ठेवला, पीएच ७.४ च्या आसपास सांभाळला, द्रावण बदलत राहिलं, तरी कॅल्शियम निघायला आठवडे जातात.

हे गुडघे आमच्या ऊती-तपासणीच्या प्रयोगशाळेत आले ते मऊ होऊनच. कूर्चेत पाडलेल्या छिद्रात नवी कूर्चा भरली का, ते बघायचं होतं. कोणत्या सशाला उपचार दिला हे आम्हाला सांगत नाहीत, तेच बरं.

अशा मेणात बसवलेल्या नमुन्याचे, म्हणजे ब्लॉकचे, ५ मायक्रॉनचे काप घेणं हे खरं कसब. काप पाण्यावर सोडला की कूर्चा पसरते, हाड पसरत नाही, आणि नेमकी दोघांच्या सांध्यावर सुरकुती पडते. अभ्यास तर तिथलाच! म्हणून ब्लॉकचं तोंड बर्फाच्या पाण्यात भिजवायचं, काप घेणाऱ्या यंत्राचं चाक सावकाश फिरवायचं, मधेच कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. काप सुरेख आले.

मग सॅफ्रॅनिन-ओ हा रंग. प्रोटिओग्लायकन, म्हणजे कूर्चेतले साखर-प्रथिनांचे रेणू, भरपूर असलेली कूर्चा त्यात लालभडक होते; जिथे ते नाहीत तिथे जोडीचा हिरवा रंग दिसतो. छिद्रातली नवी ऊती फिकट हिरवी निघाली. संशोधक मॅडम खट्टू झाल्या, "उपचार फसला म्हणायचा." मी त्यांना शेजारी बघायला लावलं. छिद्राबाहेरची, हत्यारसुद्धा न लागलेली कूर्चा तितकीच फिकी! रंगाचा दोष म्हणावा, तर त्याच ट्रेमधली, रंग नीट चढला का ते तपासायची आमची कंट्रोल स्लाइड झकास लाल. शिवाय वायगर्टच्या हिमॅटॉक्सिलिन या रंगाने काळी व्हायला हवीत ती मज्जेतल्या पेशींची केंद्रकं धुरकट. विचारल्यावर कळलं, त्यांच्याकडे कुणीतरी हाड मऊ करताना वेळ वाचवायला ईडीटीएऐवजी नायट्रिक ॲसिड वापरलं होतं. किती वेळ, नोंद नाही. हा 'कुणीतरी' पुढे शोधनिबंधात 'नेहमीच्या पद्धतीने' या शब्दांआड लपतो.

कूर्चा किती चांगली भरली याचे गुण देणाऱ्या ओड्रिस्कॉल गुणांकनात या रंगाला गुण आहेत. मॅडमच्या सरांचं म्हणणं, सगळेच गुडघे सारखे फिके, म्हणजे तुलना खरीच राहते. मला पटत नाही. नव्या ऊतीची वीण वेगळी. आम्लाने तिचं नुकसान जुन्याइतकंच केलं कशावरून? रंग धरणारं काही तयारच झालं नव्हतं की आम्लाने नेलं, हे त्या स्लाइडवरून कळणार नाही. उरलेल्या ब्लॉकवर टाइप २ कोलॅजन या कूर्चेतल्या प्रथिनासाठी इम्युनो, म्हणजे अँटिबॉडीने ते प्रथिन शोधणारी चाचणी, करून बघू म्हटलंय, पण अशा नमुन्यात अँटिबॉडी नीट धरेलच असं नाही. तक्ता मी सॅफ्रॅनिनचा रकाना सोडून पाठवलाय. सरांचा निरोप आलाय, तोही भरा.