वजनाचा कॉलम

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी हिग्ज बोसॉन हा मूलकण घेतला, तेव्हा घरात प्रश्न एकच होता: सोलापुरात बसून हे कसं करणार? पण ‘अ‍ॅटलास’ प्रयोगाने 2014 च्या मशीन लर्निंग स्पर्धेसाठी बनवलेला डेटा सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने सगळ्यांना खुला केलाय. सरावाच्या फाइलमध्ये प्रोटॉनच्या अडीच लाख सिम्युलेटेड, म्हणजे संगणकाने बनवलेल्या टकरी, प्रत्येकीचे 30 आकडे. टक्कर हिग्जची की नाही, एवढंच ओळखायचं.

या टकरींत हिग्ज दोन टाऊ कणांत (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) फुटतो, टाऊही लगेच फुटतात आणि त्यांतले न्यूट्रिनो हे कण डिटेक्टरला न दिसता निसटतात. ऊर्जेचा हिशेब जुळतच नाही. त्यात झेड बोसॉन हा दुसरा कणही दोन टाऊंत फुटतो. झेडचं वस्तुमान 91 जीईव्ही (कणांच्या वस्तुमानाचं एकक), हिग्जचं 125. न्यूट्रिनोंमुळे हा फरक पुसट होतो.

मे महिन्यात आमच्या अशोक चौकातल्या घरात दुपारी लॅपटॉपला हात लावता येत नसे. शेजारचे माग सुरू व्हायच्या आत, पहाटे चारला उठून मी मॉडेल चालवायचे. आधी न्यूरल नेटवर्क केलं, ते काही जमेना. टकरीत जेट (कणांचे झोत) नसतील तिथे फाइलमध्ये -999 लिहिलंय आणि मी ते खरं मोजमाप समजून दिलं होतं. मग एक्सजीबूस्ट या निर्णयवृक्षांच्या पद्धतीकडे वळले.

एका पहाटे अचूकता जवळजवळ शंभर टक्के आली! आईला उठवून सांगितलं. कॉलेजात सरांनी कोड पाहिला आणि विचारलं, “वेटचा कॉलम काढलास का गं?”

काढला नव्हता. वेट म्हणजे वजन: ती सिम्युलेटेड ओळ प्रत्यक्षातल्या किती टकरींच्या जागी धरायची, तो आकडा. त्या वजनावरूनच उत्तर कळतं. हिग्जच्या ओळींची वजनं फार छोटी असतात. त्या दिवशी घरी येऊन मी नुसती बेरीज करत बसले. फाइलमध्ये दर तीन ओळींमागे साधारण एक हिग्जची. वजनं धरली तर हिग्जच्या वाट्याला सुमारे 692, बाकीच्यांना 4,11,000. म्हणजे सगळ्यांना ‘हिग्ज नाही’ म्हटलं तरी 99 टक्क्यांहून जास्त बरोबर! मला ही बेरीज सगळ्या मॉडेलपेक्षा मोलाची वाटते.

कॉलम काढून पुन्हा सुरुवात केली. मॉडेलने सर्वाधिक गुण दिलेल्या साधारण 15 टक्के टकरीच ठेवल्या आणि अचूकतेऐवजी हिग्जचा संकेत पार्श्वभूमीच्या, म्हणजे हिग्ज नसलेल्या टकरींच्या, चढउतारांपेक्षा किती वर येतो, ते मोजलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, “अ‍ॅक्युरसी किती?” मी म्हटलं, “मॅडम, ती लिहिलेली नाही,” आणि वहीतली बेरीज त्यांच्यापुढे ठेवली.