चौदा ओळींच्या टेबलात डेटाबेस दिसत नाही

डीबीएमएसचं (डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टिम या विषयाचं) प्रॅक्टिकल म्हटलं की अजूनही ओरॅकलची ती ‘ईएमपी’ (कर्मचारी) आणि ‘डेप्ट’ (विभाग) टेबलं समोर येतात. युजर स्कॉट, पासवर्ड टायगर. ईएमपीत १४ ओळी, डेप्टमध्ये ४. नाहीतर स्वतःचं टेबल करायचं, त्यात पाचेक ओळी घालायच्या, क्वेरी चालवायची आणि आउटपुटचा प्रिंट जर्नलला चिकटवायचा. थिअरीच्या पेपरात मात्र इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची), ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग), लॉकिंग (एक जण ओळ बदलत असताना दुसऱ्याला थांबवणं) यांवर पानंच्या पानं. या दोन्हींची गाठ कुठेच पडत नाही, कारण १४ ओळींवर इंडेक्सला काम नसतं आणि एकाच विंडोत बसलं की लॉकलाही नसतं. विषय रुक्ष वाटतो त्याचं निम्मं कारण टेबलाचा आकार आहे.

लहान टेबलात एक गोष्ट मात्र फार चांगली शिकता येते, ती म्हणजे नल, म्हणजे किंमतच नोंदवलेली नाही अशी जागा. ईएमपीत कमिशनचा रकाना फक्त चौघांचा भरलेला आहे: ३००, ५००, १४०० आणि ०. उरलेल्या दहा जणांचं नल. सरासरी काढली तर ५५० येते, म्हणजे २२०० भागिले ४. नलला शून्य मानून काढली तर १५७.१४. दोन्ही उत्तरं ‘सरासरी कमिशन’ याच नावाखाली अहवालात जाऊ शकतात, आणि कोणतं हवं हे डेटाबेस सांगणार नाही. आता ‘जे कोणाचेच मॅनेजर नाहीत असे कर्मचारी’ शोधा. मॅनेजर सहा जण आहेत, म्हणजे आठ नावं यायला हवीत. ‘नॉट इन’ लावून आत मॅनेजर नंबरांची सबक्वेरी टाकली की उत्तर येतं शून्य ओळी. किंग या कर्मचाऱ्याला मॅनेजर नाही, म्हणून त्या यादीत एक नल आहे. ‘७३६९ (एका कर्मचाऱ्याचा नंबर) हा नल नाही ना?’ याचं उत्तर डेटाबेसकडे ‘माहीत नाही’ एवढंच असतं, आणि ‘माहीत नाही’ असलेली ओळ वेअर कधीच पुढे सोडत नाही. ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरा, आठही नावं मिळतील. व्हायवात नलची व्याख्या विचारण्यापेक्षा हा प्रश्न विचारावा.

इथून पुढे मोठं टेबल लागतं आणि ते बनवायला पैसे लागत नाहीत. पोस्टग्रेसक्यूएल घाला आणि ‘निकाल’ नावाचं टेबल करा. त्यात चार इंटिजर रकाने घ्या: रोल नंबर, कॉलेज कोड, विषय कोड, गुण. रोल नंबर प्रायमरी की. मग ‘इन्सर्ट इनटू’च्या पुढे ‘सिलेक्ट’ लावून जनरेट_सिरीज फंक्शनला १ ते १० लाख सांगा. कॉलेज कोडसाठी रँडमला ४०० ने गुणा, फ्लोअर घ्या आणि १ मिळवा. फ्लोअर विसरून थेट इंटिजरमध्ये कास्ट केलं तर पोस्टग्रेस आकडा राउंड करतो, मग १ मिळवण्याआधी ० ते ४०० असे ४०१ कोड होतात आणि दोन्ही टोकांच्या कोडांना निम्म्याच ओळी मिळतात. साधारण ३ टक्के ओळींत गुण नल ठेवा, गैरहजर विद्यार्थ्यांसाठी. (मोबाइल नंबरचा रकाना हवा असेल तर तो इंटिजर करू नका. कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे, ९८ ने सुरू होणारा नंबर त्यात मावत नाही.)

डेटा भरल्यावर लगेच ‘ॲनालाइझ’ चालवा. नाहीतर प्लॅनरकडे (पोस्टग्रेसच्या ऑप्टिमायझरकडे) आकडेवारीच नसते आणि तो अंदाजपंचे चालतो. ऑटोव्हॅक्यूम ही पोस्टग्रेसची मागे चालणारी प्रोसेस हे काम थोड्या वेळाने आपोआप करते. म्हणून तर तीच क्वेरी दोन मिनिटांनी वेगळा प्लॅन दाखवते आणि विद्यार्थी चक्रावतात. शिकण्यापुरतं मॅक्स_पॅरलल_वर्कर्स_पर_गॅदर (एक क्वेरी अनेक प्रोसेसमध्ये वाटायचं सेटिंग) शून्य करून ठेवा, म्हणजे प्लॅन सरळ वाचता येतो.

आता पेपरातली कॉस्टची (क्वेरीला किती काम पडेल याच्या अंदाजाची) गणितं इथे जुळवून बघा. पोस्टग्रेसचं पान ८१९२ बाइटचं. आपल्या ओळीला २४ बाइटचं हेडर, १६ बाइट डेटा आणि ४ बाइटचा पॉइंटर, मिळून ४४. पानाचं स्वतःचं हेडर २४ बाइट वजा केलं की एका पानात १८५ ओळी बसतात. १० लाख ओळींना ५४०६ पानं, म्हणजे ४२ एमबी. ‘गुण > ३५’ अशी क्वेरी एक्स्प्लेन या प्लॅन दाखवणाऱ्या कमांडला द्या. सिक्वेन्शियल स्कॅनची (सगळं टेबल वाचण्याची) कॉस्ट १७,९०६ च्या आसपास दिसेल: ५४०६ पानांचे प्रत्येकी १, ओळींचे प्रत्येकी ०.०१ आणि तुलनेचे प्रत्येकी ०.००२५. हा आकडा मिलिसेकंद नव्हे, हे सांगावंच लागतं. अर्ध्या जर्नलांत तो वेळ म्हणून लिहिलेला असतो.

पाच ओळींच्या टेबलावर हेच करा. कॉस्ट १.०६. इंडेक्समार्गे गेलं तर इंडेक्सचं एक पान आणि टेबलाचं एक, प्रत्येकी ४ (रँडम_पेज_कॉस्टची मूळ किंमत), म्हणजे ८ च्या वर. इंडेक्स केला तरी वापरला का जात नाही, या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

मोठ्या टेबलात कॉलेज कोडवर इंडेक्स करा आणि एका कॉलेजच्या ओळी मागा. ४०० पैकी एक कॉलेज, म्हणजे २५०० च्या आसपास ओळी, टेबलाचा पाव टक्का. इंडेक्स झकास चालेल असं वाटतं. ‘एक्स्प्लेन’ला ॲनालाइझ आणि बफर्स हे दोन पर्याय लावून बघा: बिटमॅप हीप स्कॅनखाली हीप ब्लॉक्सचा (टेबलाच्या उघडलेल्या पानांचा) आकडा २००० च्या घरात येतो. पाव टक्का ओळींसाठी एक तृतीयांशाहून जास्त पानं उघडावी लागली, कारण त्या ओळी सगळ्या टेबलभर विखुरलेल्या आहेत. आता ‘क्लस्टर’ कमांडने टेबल कॉलेज कोडच्या क्रमाने लावून घ्या, पुन्हा ॲनालाइझ करा, तीच क्वेरी चालवा. पानं १५ च्या आसपास. इंडेक्स तोच, ओळी त्याच. क्लस्टर्ड आणि नॉन-क्लस्टर्ड इंडेक्समधला फरक दहा मार्कांना लिहिण्याआधी हे दोन आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवावेत. ओरॅकल किंवा मायएसक्यूएलमध्ये आकडे वेगळे येतील. इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन, तर टेबलच प्रायमरी कीच्या क्रमाने साठवतो. पोस्टग्रेसमध्ये क्लस्टर एकदाच होतं, नंतर आलेल्या ओळी जिथे जागा मिळेल तिथे जातात, आणि कमांड चालू असताना टेबल वाचायलाही मिळत नाही.

बी-ट्रीचंही (इंडेक्स ज्या झाडासारख्या रचनेत असतो तिचंही) तसंच. इंटिजर कीच्या लीफ (सर्वांत खालच्या पातळीच्या) पानात ९० टक्के भरतीने ३६६ नोंदी बसतात, त्यामुळे १० लाखांना २७३३ लीफ पानं आणि एकूण तीन पातळ्या लागतात. पानांच्या आत बघायचं पेजइन्स्पेक्ट एक्स्टेन्शन घातलं की मेटा पानावर रूटची पातळी २ दिसते (मोजणी शून्यापासून). रोल नंबरचा इंडेक्स २१ एमबीचा, म्हणजे टेबलाच्या निम्मा. ‘सगळ्या रकान्यांवर इंडेक्स टाकू’ म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवावा.

नावांचा रकाना घातला, तोही मराठीतून, की निराळा घोळ सुरू होतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘क्षितिज’ आपल्याला तीन अक्षरं वाटतात. लेंग्थ फंक्शन ७ सांगतं आणि ऑक्टेट_लेंग्थ २१. व्हारकॅरची मर्यादा त्या ७ वर चालते. ‘गो’ने सुरू होणारी आडनावं लाइकने शोधली तर साधा इंडेक्स असूनही सिक्वेन्शियल स्कॅन दिसेल, सी सोडून इतर लोकेलमध्ये (भाषेनुसार क्रम लावायच्या सेटिंगमध्ये) इंडेक्स करतानाच टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स द्यावं लागतं. पण खरा चकवा ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’ अशा नावांत आहे. एक जण नुक्तावाला ऱ आणि हलन्त टाइप करतो, दुसरा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, बाइट वेगळे. युनिक कन्स्ट्रेंट दोन्ही घेतो, जॉइन जुळत नाही. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे, पण ते र अधिक नुक्ता आणि अखंड ऱ एवढंच एकसारखं करतं. जॉइनरवाली नोंद तशीच राहते, ती डेटा आत घेतानाच रिप्लेसने बदलावी लागते.

आता त्याच टेबलात सगळ्यांचे गुण एकाने वाढवा आणि आकार बघा. टेबल जवळपास दुप्पट. पोस्टग्रेस जुनी ओळ पुसत नाही, नवी आवृत्ती लिहितो, कारण जुनी आवृत्ती त्या क्षणी दुसरं कोणी वाचत असू शकतं. हे ‘दुसरं कोणी’ बघायला दोन पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला कमांड द्यायच्या) विंडो शेजारी उघडा आणि दोन्हींत बिगिन म्हणा, म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा रद्द होणारे बदल) सुरू होतं. बिगिन विसरलं तर प्रत्येक वाक्य आपोआप कमिट (पक्कं) होतं आणि काहीच दिसत नाही.

‘डर्टी रीड (दुसऱ्याने कमिट न केलेला बदल वाचणं) दाखवा’ हे प्रॅक्टिकल पोस्टग्रेसवर होऊ शकत नाही. रीड अनकमिटेड ही आयसोलेशनची (ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची याची) सर्वांत सैल पातळी मागितली तरी तो रीड कमिटेडसारखाच वागतो. ते दाखवायला मायएसक्यूएल घ्या.

लॉस्ट अपडेट (एकाचा बदल दुसऱ्याने पुसणं) मात्र होतं. एका इलेक्टिव्हला एकच जागा शिल्लक आहे. दोन्ही विंडोंनी सिलेक्ट करून १ वाचलं, दोन्हींनी ‘शिल्लक = ०’ लिहिलं. दुसरी विंडो पहिलीच्या कमिटपर्यंत थांबते आणि मग निमूट पुढे जाते. जागा एक, प्रवेश दोन. ‘शिल्लक = शिल्लक - १’ आणि वेअरमध्ये ‘शिल्लक > ०’ लिहा. दुसरी विंडो थांबल्यानंतर अट पुन्हा तपासते आणि ‘अपडेट ०’ सांगते. तो शून्य प्रोग्रॅमने वाचला पाहिजे. नाही वाचला तर विद्यार्थ्याला ‘प्रवेश झाला’ असं दिसतं. रिपीटेबल रीड या आणखी कडक पातळीत पोस्टग्रेस दुसऱ्याला ४०००१ ही एरर देतो. मायएसक्यूएलची मूळ पातळीच रिपीटेबल रीड आहे, पण तिथे एरर येत नाही, दुसरं अपडेट पुढे जातं. तिथे वाचतानाच ‘फॉर अपडेट’ लावावं लागतं. नाव एक, वागणं दोन, आणि पेपरातल्या तक्त्यात यातलं काहीच नसतं.

डेडलॉकसाठी (दोघंही एकमेकांच्या लॉकसाठी अडकून बसण्यासाठी) पहिल्या विंडोत ओळ १ बदला, दुसरीत ओळ २, मग पहिलीत २ आणि दुसरीत १. पोस्टग्रेस एक सेकंद थांबून चक्र शोधतो आणि एकाला ४०पी०१ ही एरर देऊन पाडतो. पडलेल्या विंडोत पुढचं काहीही टाइप केलं तरी ‘ट्रान्झॅक्शन अबॉर्टेड’ एवढंच येत राहतं. रोलबॅक करून बिगिनपासून सगळं पुन्हा करायचं. इनोडीबी चक्र लगेच ओळखतो आणि पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेतो. चक्र नसून नुसतं थांबणं असेल तर तिथे ५० सेकंदांनी लॉक वेट टाइमआउट येतो, आणि मूळ सेटिंगवर तेव्हा फक्त ते एक वाक्य रद्द होतं. आधीचे बदल तसेच उघडे राहतात. त्या एररनंतर प्रोग्रॅमने कमिट केलं तर अर्धंच काम साठवलं जातं.